पायांची विद्या आणि वाणीची विद्या

नामांकित खेळाडू निवृत्त झाला की तो उत्तम प्रशिक्षक होणारच, हा समज आपल्याकडे इतका रूढ झालेला आहे की, त्याला आधार काय, हे विचारण्याची तसदीसुद्धा सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः ज्या गुणांच्या बळावर मनुष्य मैदान गाजवितो, त्या गुणांचे मर्म बहुधा त्याला स्वतःलाही उमगलेले नसते. चेंडू पायाशी आला असता क्षणार्धात काय करावयाचे ते तो करून दाखवील, पण तसे का करावयाचे हे दुसऱ्याला सांगण्याची वेळ आली म्हणजे त्याची वाचा बसते, आणि प्रशिक्षकाचा सारा व्यवहार तर नेमका तिथूनच सुरू होतो. म्हणूनच कोणत्याही देशाच्या फुटबॉलचा इतिहास चाळला, तर थोर खेळाडूंच्या आणि थोर प्रशिक्षकांच्या याद्यांत सामाईक नावे मोजकीच आढळतात. भारतापुरते बोलावयाचे, तर असे पहिले आणि सर्वांत मातब्बर नाव प्रदीपकुमार बॅनर्जी यांचे. वृत्तपत्रांच्या भाषेत पी. के. आणि कलकत्त्याच्या तोंडी प्रदीपदा. सय्यद अब्दुल रहीम यांच्या जीवनावरील ‘मैदान’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना उजव्या बगलेवरून वाऱ्यासारखा धावणारा हा तरुण आठवेल. परंतु पडद्यावरची कथा जिथे संपते, तिथे या माणसाच्या आयुष्याचा जेमतेम पूर्वार्ध संपलेला होता.

२३ जून १९३६ रोजी जलपायगुडी जिल्ह्यातील मयनागुडी येथे त्यांचा जन्म झाला. पुढे कुटुंब जमशेदपूरला आले, आणि पोलादाच्या कारखान्याभोवती वसलेल्या त्या नव्या नगरीत, जिथे देशातल्या सर्व प्रांतांची माणसे रोजगारासाठी एकत्र आली होती, त्यांचे बालपण गेले. वयाच्या पंधराव्या वर्षी बिहारच्या संघातून संतोष करंडक स्पर्धेत खेळलेला हा मुलगा १९५४ साली कलकत्त्याला आला, एक हंगाम आर्यन क्लबकडून खेळला, आणि दुसऱ्याच वर्षी ईस्टर्न रेल्वेच्या नोकरीत रुजू झाला. त्यानंतर खेळणे सोडीपर्यंत त्याने संघ बदलला नाही.

हा निर्णय किती असाधारण होता हे कळण्यासाठी तेव्हाच्या कलकत्त्याचा कारभार थोडा समजून घेतला पाहिजे. ज्याला आज आपण व्यावसायिक खेळाडू म्हणतो, तसा वर्ग कागदोपत्री अस्तित्वातच नव्हता; सगळे हौशी, आणि सगळ्यांची उपजीविका कोणत्या ना कोणत्या कचेरीतल्या हुद्द्यावर. मोठे क्लब खेळाडूंना पैसे देत, पण ते दप्तरात कुठे दिसू नयेत अशा बेताने. हंगामाच्या आरंभी खेळाडूने इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या कचेरीत जातीने हजर राहून आपण अमुक क्लबात जात आहोत अशी सही करावयाची, एवढ्या साध्या नियमापायी काय काय नाटके होत! हव्या असलेल्या खेळाडूला आधी आठ-आठ दिवस अज्ञातवासात ठेवावयाचे, प्रतिपक्षाच्या माणसांनी त्याचा माग काढावयाचा, आणि सहीच्या दिवशी पहाऱ्यात त्याला कचेरीत नेऊन उभे करावयाचे, असा तो पळवापळवीचा मामला असे. या बाजारात पी. के. कधी उतरलेच नाहीत. मोहन बगान किंवा ईस्ट बंगाल या दोहोंपैकी एकाचीही जर्सी अंगावर न घालता तो मनुष्य देशातला सर्वांत नामांकित फुटबॉलपटू झाला; आणि १९५८ मध्ये त्याच्या ईस्टर्न रेल्वेने बाघा सोम यांच्या हाताखाली कलकत्ता लीग जिंकली. मोहन बगान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या त्रयीबाहेरच्या संघाला ती लीग पुन्हा जिंकावयास पुढे एकसष्ट वर्षे लागली. २०१९ मध्ये पीअरलेस या संघाने ती जिंकली.

खेळाडू म्हणून त्यांची कीर्ती एका ठरीव जागेशी निगडित आहे. उजव्या सीमारेषेला लगटून धावणारा जो आघाडीचा खेळाडू, त्याचे जुन्या रीतीतले काम म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूला धावण्यात मागे टाकून चेंडू गोलसमोर आणून द्यावयाचा, आणि श्रेयाचा गोल दुसऱ्याला करू द्यावयाचा. पी. के. ते काम करीतच, पण मनात येताच ते आतल्या बाजूस वळत आणि दुरून असा तडाखा हाणीत की गोलरक्षकाला हात उचलण्याचीही सवड मिळू नये. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ते वीस वर्षांचे होते. त्या स्पर्धेत मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारताने सामना ४-२ असा जिंकला, आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा आशियातील पहिला संघ होण्याचा मान मिळविला. पुढे युगोस्लाव्हियाने ४-१ आणि बल्गेरियाने ३-० असे हरविल्यामुळे पदक मात्र हुकले. चार वर्षांनी रोममध्ये पी. के. कर्णधार होते, आणि फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखणारा भारताचा गोल त्यांचाच होता.

परंतु या वर्षांत त्यांच्या पायांनी जे कमावले, त्याहून मोलाची कमाई त्यांच्या कानांनी केली असे माझे मत आहे. तेव्हाच्या भारतीय संघाचे प्रशिक्षक, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, हे पेशाने शिक्षक. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बहुसंख्य अनवाणी खेळणारा भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभूत झाला, तेव्हा त्या अपमानापासून त्यांनी जो बोध घेतला, तो दैवाला दोष देण्याचा नव्हता, तर रचना बदलण्याचा होता. जगातले पुढारलेले संघ खेळाडूंची मांडणी कशी करतात, मागे चार आणि पुढे चार ठेवले तर मधल्या दोघांवर काय भार पडतो, याचा ते साक्षेपाने अभ्यास करीत, आणि तो अभ्यास हिंदुस्थानीत अशा नेमकेपणाने खेळाडूंपुढे मांडीत की बंगाली, तेलुगू, पंजाबी आणि कोकणी बोलणारी मुले तो एकाच अर्थाने समजून घेत.

या विद्येची खरी परीक्षा १९६२ मध्ये जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत झाली. इस्राएल आणि तैवान यांना यजमानांनी प्रवेश नाकारल्याबद्दल भारताच्या गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतल्यामुळे तिथले जनमत भारताविरुद्ध इतके प्रक्षुब्ध झाले होते की, जमावाने आपल्या वकिलातीवर हल्ला चढविला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरविले. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावाचा आधारस्तंभ जर्नैलसिंग याचे डोके फुटले, आणि टाके पडलेल्या माणसाला चेंडू डोक्याने परतविण्याच्या जागी उभे करणे अशक्य झाले. रहीमसाहेबांनी मग त्याला संघातून न काढता थेट आघाडीला नेले! डोके फुटलेला बचावपटू प्रतिपक्षाच्या गोलसमोर उभा राहिलेला पाहून प्रतिस्पर्धी गोंधळले असतील तर नवल नाही. त्याने उपांत्य सामन्यात गोल केला आणि अंतिम सामन्यातही केला. त्याच दक्षिण कोरियाविरुद्ध, ४ सप्टेंबर १९६२ रोजी, एक लाखाच्या घरातल्या प्रतिकूल समुदायासमोर, पहिला गोल पी. के. यांनी आणि दुसरा जर्नैलने केला, आणि भारत २-१ असा जिंकला. मधल्या फळीत त्या दिवशी मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारा गोमंतकीय फोर्तुनातो फ्रँको होता, हेही मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. रहीम तेव्हा कर्करोगाने ग्रासलेले होते; पुढल्याच वर्षी जून महिन्यात ते निवर्तले.

दुखापतींमुळे १९६७ च्या सुमारास पी. के. यांचे खेळणे संपले. पहिला अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या फुटबॉलपटूला नुसत्या कीर्तीवर एखादा मानाचा हुद्दा सहज मिळाला असता. त्यांनी मात्र १९६९ मध्ये जपानला जाऊन डेट्मार क्रॅमर या जर्मन गुरूच्या वर्गात पुन्हा विद्यार्थी म्हणून बसणे पसंत केले. ज्याच्या शिकवणुकीच्या पायावर जपानने मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, तोच हा क्रॅमर. रहीम यांच्यापासून त्यांनी माणसे वाचण्याची कला घेतली होती; क्रॅमरपासून त्यांनी सरावाचे शास्त्र घेतले. या दोन्हींचा जमाखर्च कसा बसवावयाचा, हे त्यांना कलकत्त्यातच शोधावे लागणार होते.

१९७२ साली ते ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. ज्या क्लबाकडून ते कधी खेळले नव्हते, त्याच्या गोटात शिरताना त्यांच्याजवळ ना जुन्या मैत्रीचे भांडवल होते, ना पाठीराख्यांची माया. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ज्या क्लबाला आपल्या गमावलेल्या मुलखाचे प्रतीक मानले, आणि पश्चिम बंगालच्या जुन्या रहिवाशांनी ज्या मोहन बगानला आपल्या इभ्रतीचे ठाणे मानले, त्या दोहोंमधली चुरस केवळ खेळाची नव्हती. तिचा उगम ज्या वेदनेत होता ती वेदना पी. के. यांनी नेमकी ओळखली, आणि आपल्या प्रशिक्षणाचे मुख्य साधन म्हणून वाणीची निवड केली. सामन्यापूर्वी खेळाडूंच्या खोलीत दार लावून ते जे बोलत, त्याला कलकत्त्याच्या वार्ताहरांनी ‘व्होकल टॉनिक’ असे नाव दिले, आणि औषधाच्या बाटलीवर शोभणारे ते नाव पुढे त्यांना जन्मभर चिकटून राहिले.

त्या भाषणांचे स्वरूप खेळाडूंनी नंतर सांगितलेल्या आठवणींवरून बऱ्यापैकी कळते. आपल्याकडील कीर्तनात जसा पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, तशी त्यांची मांडणी असे. आधी शास्त्र: प्रतिपक्षाचा कोणता बचावपटू कोणत्या पायाने कच्चा, कोण दमल्यावर जागा सोडतो, आपण चेंडू कुठून न्यावयाचा. मग हळूहळू स्वर बदलावयाचा, आणि त्या मुलाची आई, त्याचे गाव, अंगावरच्या जर्सीचा मान, समोरच्याने पूर्वी केलेला उपमर्द, असे एकेक करून उलगडत न्यावयाचे, आणि अखेरीस विशी-पंचविशीतले धट्टेकट्टे तरुण डोळे पुसत मैदानाकडे धावत. टीकाकारांना या उत्तररंगाचीच तेवढी आठवण राहिली, आणि पी. के. म्हणजे नुसता भावनेचा बाजार, असा आक्षेप ते घेत राहिले. तो मला अन्यायाचा वाटतो. ज्याचा पूर्वरंग कच्चा असेल त्याच्या उत्तररंगाने डोळे ओले होतील, पण गोल होणार नाहीत.

आणि गोल तर होत होते. पहिल्याच हंगामात ईस्ट बंगालने लीग, आयएफए शील्ड आणि ड्युरँड करंडक जिंकून, मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स करंडकही मोहन बगानबरोबर संयुक्तपणे पटकावला. १९७३ मध्ये उत्तर कोरियाच्या प्योंगयांग संघाला शील्डच्या अंतिम सामन्यात ३-१ असे नमविले. ईस्ट बंगालच्या त्या संघातल्या एका खेळाडूची कथा येथे सांगितलीच पाहिजे. सुभाष भौमिक हा दांडगा आघाडीपटू मोहन बगानमध्ये निरुपयोगी ठरवला गेला होता. वजन वाढले, धाव मंदावली, हा आता संपला, असा निर्वाळा जाणकारांनी दिला होता. पी. के. यांनी त्याला आपल्याकडे घेतले, घाम गाळावयास लावले, आणि वेळप्रसंगी बोलून, वेळप्रसंगी बोचून पुन्हा उभे केले. हाच भौमिक पुढे प्रशिक्षक झाला, आणि २००३ मध्ये त्याच्या ईस्ट बंगालने आग्नेय आशियातील क्लबांची स्पर्धा जिंकली ती जाकार्ता शहरातच. अंतिम सामन्यातल्या तीन गोलांपैकी शेवटचा गोव्याच्या आल्विटो डिकुन्हा याने केला. रहीम, बॅनर्जी, भौमिक अशी ही परंपरा लावता येते, आणि आपल्या फुटबॉलमध्ये अशी तीन पिढ्यांची गुरुशिष्यपरंपरा दुसरी दाखविणे कठीण आहे.

३० सप्टेंबर १९७५ या दिवशी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बगानचा ५-० असा पराभव केला. पूर्वी मुंबईच्या मफतलाल संघाकडून खेळलेल्या श्याम थापाने त्यांतले दोन गोल केले. या दोन संघांमधला एवढ्या फरकाचा विजय त्यानंतर आजतागायत नोंदला गेलेला नाही. त्या रात्री मोहन बगानच्या एका तरुण पाठीराख्याने आत्महत्या केली, ही गोष्टही त्या विजयाच्या कागदावरच लिहिलेली आहे, आणि ती पुसता येत नाही. ज्या अग्नीवर प्रशिक्षक आपले अन्न शिजवितो, तो अग्नी त्याने पेटविलेला नसतो हे खरे. तथापि तो किती दाहक आहे हे कलकत्त्याला १९८० च्या १६ ऑगस्टला पुनश्च कळले, जेव्हा ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळून सोळा माणसे मृत्युमुखी पडली.

एवढ्या विजयानंतर पी. के. यांनी जे केले, त्याने सारे शहर चकित झाले. १९७६ मध्ये ते मोहन बगानला गेले. इथे त्यांच्या व्यवसायाचे खरे स्वरूप उघड झाले असे म्हणता येईल. खेळाडू असताना जो मनुष्य रेल्वेशी एकनिष्ठ राहिला, तोच प्रशिक्षक झाल्यावर आज या दाराशी, उद्या त्या दाराशी जाऊ लागला, यात विसंगती दिसते. परंतु खेळाडूची निष्ठा आणि प्रशिक्षकाची निष्ठा या भिन्न कोटीतल्या गोष्टी आहेत. वैद्याने रोग्याचा पक्ष घ्यावा, घराण्याचा घेऊ नये, पी. के. यांना ते साधत असे. ज्या मुलांना काल त्यांनी हरविण्याची युक्ती शोधली होती, त्यांनाच आज जिंकण्याची युक्ती शिकविताना त्यांच्या वाणीला यत्किंचितही अडखळावे लागले नाही. त्याच वर्षीच्या लीगमध्ये, सामना सुरू होऊन सतरा सेकंद होतात न होतात तोच मोहम्मद अकबरने ईस्ट बंगालवर गोल केला, त्यावरच सामना जिंकला गेला, आणि ईस्ट बंगालची सलग सहा वर्षांची लीगवरील सत्ता संपुष्टात आली.

१९७७ चे वर्ष तर नाट्यपूर्णच. सप्टेंबरच्या २४ तारखेला न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाबरोबर खुद्द पेले ईडन गार्डन्सवर उतरला. पावसाने चिखल झालेल्या त्या मैदानावर हजारो लोक पेलेला पाहावयास आले, आणि मोहन बगानला पाहून परतले. श्याम थापा आणि हबीब यांच्या गोलांनी सामना २-२ असा बरोबरीत सुटला, आणि गौतम सरकारने पेलेला मोकळीक म्हणून मिळू दिली नाही. या सामन्याचे गोडवे आजही गायले जातात. मला मात्र त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे. लीग त्या वर्षी ईस्ट बंगालने नेली होती, पाठीराखे संतापलेले होते, प्रशिक्षकाची खुर्ची डळमळत होती. अशा वेळी पेलेच्या संघाशी बरोबरी करून संघाला जो आत्मविश्वास आला, तो पी. के. यांनी विरू दिला नाही, आणि काही दिवसांतच त्याच ईस्ट बंगालला शील्डच्या अंतिम सामन्यात हरवून, मागोमाग रोव्हर्स आणि ड्युरँड असे तिन्ही करंडक एका हंगामात घरी आणले. त्या संघाच्या मधल्या फळीत त्यांचा सख्खा धाकटा भाऊ प्रसून होता. घरी दादा म्हणावयाचे आणि मैदानावर त्याच दादाची बोलणी सर्वांदेखत खावयाची, हा प्रसूनच्या वाट्याचा योग काही सोपा नसावा.

राष्ट्रीय संघाच्या बाबतीत मात्र हिशेब तोट्याचाच दिसतो. १९७० मध्ये बँकॉकला मिळालेल्या कांस्यपदकानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे पदक भारताला पुन्हा मिळाले नाही. १९८२ च्या दिल्लीतल्या स्पर्धेत पी. के. प्रशिक्षक होते, बांगलादेश आणि मलेशिया यांना हरवून, चीनशी २-२ अशी बरोबरी साधून संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला, आणि तिथे सौदी अरेबियाने अगदी अखेरच्या मिनिटांत गोल करून त्याला बाहेर काढले. दैव आडवे आले असे म्हणण्याची सोय आहे, पण मला ते पटत नाही. जपान, कोरिया आणि अरब देश आपापल्या फुटबॉलचा पाया नव्याने घालीत असताना, आपण कलकत्त्यातल्या दोन क्लबांच्या भांडणालाच भारताचे फुटबॉल समजत राहिलो. आणि त्या भांडणाचा सर्वांत कुशल सूत्रधार म्हणजे पी. के. हेच होते. नव्वद मिनिटांपुरता माणूस पेटविण्याची विद्या त्यांच्याजवळ होती. दहा वर्षे मुले घडविण्यासाठी लागणारी व्यवस्था एका माणसाच्या वाणीतून निर्माण होत नसते. तिला मैदाने, पैसा आणि चिकाटीचा कारभार लागतो, आणि महासंघाच्या दप्तरात त्यांपैकी कशाचीच मुबलकता नव्हती. ही उणीव त्यांना स्वतःलाही जाणवली असली पाहिजे. कारण १९९१ मध्ये ते आपल्या बालपणीच्या जमशेदपूरला परतले, आणि टाटा फुटबॉल अकादमीत तांत्रिक संचालक म्हणून सहा वर्षे मिसरूड न फुटलेल्या मुलांना शिकविण्याचे संथ काम करीत राहिले. त्या सहा वर्षांबद्दल फार कमी लिहिले गेले आहे, ते साहजिकच. मुलांच्या सरावाला एक लाख प्रेक्षक येत नाहीत.

१९९७ मध्ये साठी उलटलेली असताना ते ईस्ट बंगालच्या प्रशिक्षकपदी पुन्हा आले, आणि समोर मोहन बगानच्या गोटात उभे होते त्यांचे जन्मभराचे प्रतिस्पर्धी अमल दत्त. हे दत्त एके काळचे ईस्ट बंगालचे खेळाडू. प्रशिक्षणाचे शिक्षण घेण्यासाठी ते पदरच्या खर्चाने इंग्लंडला गेले, आणि परत येऊन त्यांनी शिकविणे हीच आपली पूर्ण वेळची उपजीविका केली. त्यामुळे आपल्या देशातले पहिले व्यावसायिक प्रशिक्षक असे त्यांचेच वर्णन केले जाते. परदेशी सामन्यांच्या फिल्मा आणि प्रोजेक्टर घेऊन गावोगाव हिंडणारा हा हट्टी, तिखट जिभेचा विद्वान, रचनेवर श्रद्धा ठेवणारा. त्याने त्या वर्षी मोहन बगानला ‘डायमंड’ नावाची आक्रमक मांडणी शिकविली होती, आणि तिच्या जोरावर संघ समोर येईल त्याचा फडशा पाडीत निघाला होता. फेडरेशन करंडकाच्या उपांत्य सामन्यात हे दोघे समोरासमोर आले. सामन्याआधी दत्तांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची नावे विडंबून टाकली. बायचुंग भुतियाला ‘चुंगचुंग’, केनियाच्या ओमोलोला ‘ऑम्लेट’, सोसोला ‘शोशा’, म्हणजे बंगालीत काकडी. पी. के. यांना याहून चांगले साहित्य कोणी आणून दिले असते? त्यांनी आठवडाभर आपल्या मुलांना जाहीर उत्तर देऊ दिले नाही, आणि तो सारा राग १३ जुलैच्या सामन्यासाठी साठवून ठेवला. सॉल्ट लेकच्या क्रीडांगणावर त्या दिवशी १ लाख ३१ हजार ७८१ प्रेक्षक असल्याची नोंद आहे; भारतात खेळाच्या कोणत्याही सामन्याला याहून मोठा समुदाय जमल्याची नोंद नाही. भुतियाने तीन गोल केले, ईस्ट बंगाल ४-१ असा जिंकला, आणि ‘डायमंड’चा तुकडा पडला.

कलकत्त्यात या सामन्याची कथा जिथे सांगितली जाते, तिथे ती येथेच थांबते. परंतु तो उपांत्य सामना होता. अंतिम सामन्यात त्याच ईस्ट बंगालला, त्याच शहरात, गोव्याच्या साळगावकर संघाने २-१ असे हरविले आणि करंडक वास्कोला नेला. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाल्यानंतरच्या काळात गोमंतकीय क्लबांचा जो अंमल सुरू झाला, त्याची ही नांदी म्हणावी लागेल. साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि विशेषतः धेंपो यांनी पुढली दीड दशके देशातले विजेतेपद वारंवार गोव्यात नेले. धेंपोचे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. त्यांच्या क्लबाने त्यांना एका हंगामाच्या जयापजयावर न तोलता तेरा वर्षे एकाच जागी राहू दिले, आणि त्या अवधीत त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळविले. पी. के. यांना २००४ मध्ये जागतिक फुटबॉल महासंघाने आपला शताब्दी सन्मान दिला. २० मार्च २०२० रोजी ते कलकत्त्यात निवर्तले, तोपर्यंत त्या शहरातले दोन्ही मोठे क्लब आपले प्रशिक्षक पूर्वीइतक्याच तत्परतेने बदलत होते.